माटोळीतल्या झाडांची कुळे कुणी बदलली?

दुर्वा_डिचोली
नमस्कार मंडळी. चतुर्थी जवळ आली आणि शाळेत माटोळीची, म्हणजे गणपतीवर फळंफुलं बांधून टांगतात त्या चौकटीची, गडबड सुरू झाली. यंदा नववीच्या मुलांनी ठरवलंय की माटोळीला बांधलेल्या प्रत्येक फळाफुलाखाली एक चिठ्ठी लावायची. गावात म्हणतात ते नाव, शास्त्रीय नाव, कूळ आणि ते कुठून आणलं ती जागा. मुलं आजी-आजोबांबरोबर डोंगरावर जाऊन आली, यादीही झाली. अडलंय ते कुळापाशी.

शाळेच्या कपाटात राव यांच्या गोवा-दमण-दीव फ्लोराचे, म्हणजे तिथल्या वनस्पतींच्या नोंदीचे, दोन्ही खंड आहेत, १९८५-८६चे. माझ्या बीएस्सीच्या वह्या आहेत, बेंथम आणि हूकर यांच्या जुन्या वर्गीकरण-पद्धतीवरच्या. आणि मुलं मोबाइलवर लंडनच्या क्यू वनस्पती-उद्यानाची सूची उघडून बसतात. कळलावी जुन्या पुस्तकात लिलिएसी, मोबाइलवर कोल्चिकेसी. जगमां पुस्तकात फ्लॅकोर्शिएसी, मोबाइलवर सॅलिकेसी. अशी बरीच आहेत.

एका मुलीने विचारलं, "बाई, झाड तेच, फळ तेच, मग कूळ कसं बदलतं?" तिला "डीएनए तपासला म्हणून" एवढं सांगून गप्प बसवायचं नाही मला. ही नुसती नावांची उलथापालथ आहे की खरंच काही नवं कळलंय? आणि चिठ्ठीवर काय लिहू?

पेडणेकरीण
कूळ बदललं तर देवळाच्या महाजनांच्या यादीत नाव कुठे घालायचं, ते आधी सांगा :-)

मांडवीतीर
दुर्वाबाई, माझे सरळ मत: जुने ठेवा. माझी सगळी नोकरी जंगलात गेली. आम्ही साग वर्बेनेसीत शिकलो, नोंदवह्यांत तसाच लिहिला. आता तो लॅमिएसीत, म्हणजे तुळशीच्या कुळात. सावर बॉम्बॅकेसीत होती, आता म्हणे जास्वंदीच्या माल्व्हेसीत. रुई अ‍ॅस्क्लेपिएडेसीत होती, ते कूळच उरले नाही, अ‍ॅपोसायनेसीत गेले. वर्गीकरण कशासाठी असते? दोन माणसांनी एकाच झाडाबद्दल बोलताना घोटाळा होऊ नये म्हणून. वनरक्षकाला, रोपवाटिकेतल्या बाईला, शाळेच्या मुलांना दर काही वर्षांनी नवी यादी द्यायची असेल तर ती यादी कोणासाठी आहे? प्रयोगशाळेसाठी ठेवा, हरकत नाही. माटोळी ही लोकांची आहे.

पेट्रीडिश
मांडवीतीरबाब, तुमच्याशी वाद घालायचाच आहे, पण आधी त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर.

लिनियसने १७५३ साली झाडं पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोजून लावली. बेंथम-हूकरांनी १८६२ ते १८८३ या काळात फुलाची रचना अधिक बारकाईने पाहिली. दोन्हीकडे अडचण एकच. सारखं दिसणं दोन कारणांनी येतं: जवळचं नातं असलं म्हणून, किंवा सारख्या परिस्थितीत वेगवेगळ्या झाडांनी तोच उपाय शोधला म्हणून. शिवाय तिसरं कारण आहे, जे लिलिएसीला भोवलं. सहा पाकळ्यासदृश दलं आणि सहा पुंकेसर हे लक्षण एकदल वनस्पतींमध्ये फार जुनं आहे. कित्येकांनी ते फक्त टिकवून ठेवलं. त्यावरून कळलावी, शतावरी, कांदा सगळे एका कुळात घातले गेले. ज्यांनी काही बदललं नाही ते सगळे एकमेकांचे जवळचे, असं मात्र होत नाही.

१९९३ साली ४२ संशोधकांनी मिळून आरबीसीएल नावाच्या एकाच हरितलवकातल्या जनुकाचा क्रम सुमारे ५०० बीजधारी वनस्पतींमध्ये वाचला आणि त्यावरून वंशवृक्ष मांडला. १९९८मध्ये त्याच वाटेने सपुष्प वनस्पतींचं नवं वर्गीकरण आलं, एपीजी. ते २००३, २००९ आणि २०१६मध्ये सुधारलं. २०१६च्या आवृत्तीत ६४ गण (जवळच्या कुळांचे मोठे गट) आणि ४१६ कुळं आहेत. कळलावी त्यात कोल्चिकेसीत आहे, आणि हे नुसतं संगणकाने काढलेलं नाही. कळलावीच्या कंदात कोल्चिसिन असतं, आणि युरोपातल्या कोल्चिकम या फुलझाडातही तेच. रसायन आणि डीएनए दोघंही एकच सांगतात.

तेव्हा तिला सांगा: झाड बदललं नाही, त्याचे पूर्वज कोण ते आपल्याला आधीपेक्षा नीट कळलं.

केप्याचा_वैद्य
कळलावीचं नाव निघालं म्हणून आधी एक विनंती. मुलांच्या हातात तिचा कंद जाऊ देऊ नका. कोल्चिसिन विषारी आहे, अगदी थोड्या प्रमाणातही. फुलं बांधायची ती मोठ्या माणसाने तोडावीत, नंतर हात धुवावेत.

दुर्वा_डिचोली
वैद्यबुवा, बरं झालं सांगितलंत. चिठ्ठीवरही लिहिते तसं, लाल अक्षरात.

सडेफिरे
दुर्वाताई, मला तुमच्या यादीतल्या जगमांवर बोलायचंय, कारण ते फळ कुठल्याही गोंयकाराला बाजारात दिसतं आणि त्याच्या कुळाची गोष्ट फार सुंदर आहे.

फ्लॅकोर्शिएसी हे कूळ असं होतं की ज्याचं कुठेच जमत नाही ते तिथे जायचं. २००२ साली क्यूच्या नियतकालिकात आलेल्या एका शोधनिबंधाचा मथळाच होता: शंका आली की फ्लॅकोर्शिएसीत टाका. आपल्याकडची दोन झाडं त्यात शेजारी होती. एक जगम, दुसरं खाष्ट, म्हणजे कडू कवठ, ज्याचं तेल पूर्वी दिव्याला आणि त्वचारोगांवर वापरायचे. डीएनए वाचल्यावर हे कूळ मधोमध फाटलं. जगम गेला सॅलिकेसीत, म्हणजे विलो आणि सह्याद्रीतल्या ओढ्याकाठच्या वाळुंजाबरोबर. खाष्ट गेलं अ‍ॅकॅरिएसीत.

आता हे मुलांना डोळ्यांनी दाखवा. जगमाचं ताजं पान घ्या, कडेचे दाते भिंगाखाली धरा. शीर दात्याच्या टोकापर्यंत जाते, तिथे जराशी रुंदावते, आणि टोकावर एक बारीक गोल ग्रंथी असते, कोवळ्या पानावर चमकते. वाळुंजाच्या पानाचे दातेही असेच. खाष्टाच्या पानाला ही ग्रंथी नाही. उलट त्याच्या बियांच्या तेलात पाच कर्बांचं कडं असलेली मेदाम्लं आहेत, जी वनस्पतींमध्ये क्वचितच सापडतात, आणि त्याच्या गोतावळ्यात सायनाइड सोडणारी संयुगंही आहेत.

दात्यांचं हे साम्य सत्तरच्या दशकातच काही जणांनी नोंदवलं होतं. पण विलोचं फूल इतकं साधं, पाकळ्याच नाहीत, की त्याला जगमाजवळ बसवायचं धाडस कुणी मोठ्या प्रमाणावर केलं नाही. कणसांत दाटीने फुलायला लागल्यावर विलोने फूल उतरवून ठेवलं, पान मात्र जुनंच राहिलं. डीएनएने नवं लक्षण शोधलं नाही. कुठल्या लक्षणावर भरवसा ठेवायचा ते सांगितलं. माझ्या मते सगळ्या उलथापालथीतून हाती आलेली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

काणकोणकर
म्हणजे जगमां खाणारा पोरगा आणि काश्मिरी विलोची बॅट घेऊन खेळणारा पोरगा एकाच कुळाच्या झाडांशी खेळतोय. हे घरी सांगणार.

माझा प्रश्न तोरिंगाबद्दल. माटोळीला आमच्याकडे तोरिंग लागतंच, म्हणजे पपनस. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, लिंबू, ईडलिंबू, संत्र, महाळुंग सगळं लावून पाहिलंय. बी टाकलं की काय उगवेल सांगता येत नाही. यांच्या जाती तरी नक्की किती?

पेट्रीडिश
काणकोणकरबाब, तुमचं तोरिंग या कथेतलं मूळ पात्र आहे. २०१८ साली लिंबूवर्गाच्या साठ प्रकारांचे संपूर्ण जनुकसंच तुलनेला घेतले, तेव्हा दिसलं की बाजारातल्या बहुतेक फळांच्या मुळाशी मोजकेच रानटी पूर्वज आहेत. त्यातले तीन मुख्य म्हणजे पपनस, महाळुंग आणि मँडरिन संत्र. मोसंबीवर्गातलं गोड संत्र हे पपनस आणि मँडरिनच्या संकरातून आलं. मोठं पिवळं लिंबू म्हणजे आंबट संत्र आणि महाळुंग यांचा संकर. आपलं कागदी लिंबू म्हणजे फिलिपिन्सकडचा एक रानटी लिंबूवर्ग आणि महाळुंग. या सगळ्याचं मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याकडे असावं असं तो अभ्यास सांगतो.

जुन्या पुस्तकांत या प्रत्येकाला स्वतंत्र जातीचं लॅटिन नाव आहे. वंशवृक्ष काढायला गेलं तर फांद्या पुन्हा एकमेकींत मिसळतात. केळ्याचंही तेच. १९५५ साली सिमंड्स आणि शेफर्ड यांनी पंधरा बाह्य लक्षणांना गुण देऊन सांगितलं की लागवडीतली बहुतेक केळी मुसा अ‍ॅक्युमिनाटा आणि मुसा बाल्बिसियाना या दोन रानटी जातींपासून आली. डीएनए आल्यावर त्यांची मांडणी बऱ्याच अंशी खरी ठरली. पंधरा लक्षणं, खोडाचे डाग, देठाची पन्हळ, केळफुलाची पानं. हातात फूटपट्टी आणि शेतात उभं राहायची तयारी, एवढंच.

मयड्याची_नात
केळ्याचा विषय आणि मयड्याचं नाव नाही? आमच्या मयड्याच्या केळ्याला भौगोलिक मानांकन आहे म्हटलं. आजी ते उकडून द्यायची.

नेटके_पर्वरी
मला एक कळत नाही. इतकी चर्चा कशाला? मोबाइलवर अ‍ॅप आहे, फोटो काढला की जात, कूळ सगळं येतं. मी पत्नीबरोबर बागेत वापरतो, बहुतेक वेळा बरोबर असतं. मुलांना तेच शिकवा. येत्या काही वर्षांत चित्र ओळखणारी प्रणाली वनस्पतितज्ज्ञांपेक्षा पुढे जाईल.

सडेफिरे
नेटकेसाहेब, बागेत बरोबर असणारच, कारण जास्वंदीचे लाखो फोटो त्या अ‍ॅपने पाहिलेत. तुम्ही श्रावणात आमच्याबरोबर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, या. जांभ्या दगडाच्या खळग्यात बोटभर पाणी, त्यात सीतेची आसवं फुललेली. निळसर-जांभळं, नखाएवढं फूल. त्यांच्या जाती ओळखायच्या तर फळावरची निदलपुंजाची पाळ आणि बीजाचं कवच पाहावं लागतं, तेही सूक्ष्मदर्शकाखाली. फोटोत ते येतच नाही. गेंदासारख्या एरिओकॉलॉनचं तर आणखी कठीण, तिथे बियांवरची नक्षी पाहतात.

२००९ साली गोव्याच्या सड्यांवरून डिपकॅडी गोएन्स ही नवी जात शास्त्राला कळली. कुठल्याही प्रणालीकडे तिचा फोटो असणं शक्य नव्हतं, कारण तोवर तिला नावच नव्हतं. पावसाच्या सुरुवातीला, थोडेच दिवस फुलणारं, गवतासारख्या पानांचं झाड. जो माणूस त्याच वेळी त्याच कातळावर वाकून पाहत होता, त्याला ते दिसलं. (तेही जुन्या लिलिएसीतलं, आता शतावरीच्या अ‍ॅस्पॅरॅगेसीत, दुर्वाताई.)

अ‍ॅपविरुद्ध मी नाही. लोक फोटो टाकतात म्हणून कुठे काय केव्हा फुलतं याच्या नोंदी आज जितक्या आहेत तितक्या कधीच नव्हत्या. पण फोटो हा पुरावा अपुरा आहे, नमुना लागतो.

नेटके_पर्वरी
ठीक. पण मग डीएनए बारकोड? पानाचा तुकडा यंत्रात घाला, नाव बाहेर. तिथे फूल, फळ, ऋतू काहीच लागत नाही.

पेट्रीडिश
ते माझं रोजचं काम आहे म्हणून सांगते. प्राण्यांसाठी सूत्रकणिकेतलं एक जनुक बारकोड म्हणून चांगलं चाललं. वनस्पतींत ते फार सावकाश बदलतं, म्हणून उपयोगी नाही. २००९मध्ये आरबीसीएल आणि मॅटके अशा दोन जनुकांची जोडी मान्य झाली. त्या अभ्यासातच या जोडीने ७२ टक्के जाती वेगळ्या करता आल्या, उरलेल्यांत गट कळतो, जात कळत नाही. संकर झालेल्या ठिकाणी तर हरितलवक सहसा आईकडूनच येतं, म्हणजे बापाचा पत्ताच लागत नाही.

आणि "यंत्रात घाला" म्हणता, ते घालणंच कठीण. कोकमाचं पान घ्या. द्रव नायट्रोजनमध्ये कुटून भुकटी करायची, सीटॅब या साबणासारख्या गरम द्रावणात सुमारे ६५ अंशांवर ठेवायची, क्लोरोफॉर्म घालून फिरवायची, वरचा थर अलगद काढून त्यात थंड आयसोप्रोपेनॉल. चांगलं झालं तर पांढरे, कापसासारखे धागे तरंगताना दिसतात, तो डीएनए. कोकमाचं आणि काजूचं पान असलं की पांढऱ्याऐवजी तपकिरी, चिकट गोळा येतो, कारण पानातले टॅनिन आणि चीक डीएनएला धरून बसतात. मग ते आवरायला पीव्हीपी वाढवा, मर्कॅप्टोइथेनॉल वाढवा (त्याचा वास केसांतून जात नाही), पुन्हा धुवा. कोवळं पान आणलं तर काम सोपं होतं. म्हणजे पुन्हा तेच, कोणीतरी योग्य वेळी झाडापाशी जायला हवं.

शिवाय आलेला क्रम कशाशी जुळवणार? संग्रहात आधी कुणीतरी नीट ओळखून ठेवलेल्या नमुन्याशीच. तो नमुना चुकीच्या नावाने ठेवला असेल तर बारकोडही ठामपणे चुकीचंच सांगतो.

केप्याचा_वैद्य
आमच्या धंद्यात बारकोडची फार गरज आहे. अशोकाची साल मागवली की सीता-अशोकाऐवजी रस्त्याकडेला लावतात त्या उंच, सरळसोट खोट्या अशोकाची साल येते. दोन्ही झाडांचं कूळ वेगळं, गुण वेगळे. साल कुटलेली असली की डोळ्यांना कळत नाही. त्या खोट्या अशोकाचंही नाव बदललं, पूर्वी पॉलिअल्थिया, आता मोनून. नाव बदललं याचं मला काही वाटत नाही, पण पोत्यात काय आहे ते कळलं पाहिजे. कोरड्या सालीतून डीएनए निघतो, असं ऐकून आहे. काढ्यातून, आसवातून निघतो का?

पेट्रीडिश
कोरड्या सालीतून तुकड्या-तुकड्यांनी निघतो, म्हणून लहान जनुकखंड वापरतात. उकळलेल्या काढ्यात तो इतका तुटलेला असतो की रसायनांची चाचणीच बरी.

वाडीकर
सावंतवाडीहून नमस्कार. इतिहासाचा एक धागा जोडतो. १८९८ साली लिस्बनला डालगादो यांचा 'फ्लोरा द गोवा ए सावंतवाडी' छापला गेला, औषधी, खाद्य आणि उद्योगोपयोगी वनस्पतींची यादी. त्याही आधी १५६३ साली गार्सिया द ओर्ता यांचे औषधींवरचे संवाद गोव्यातच छापले गेले. आणि १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला बारा खंडांत निघालेल्या 'होर्तुस मलाबारिकुस'मध्ये रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांचं, इट्टी अच्युदन यांच्याबरोबरीने मोठं योगदान आहे. त्यांचं कोकणीतलं निवेदन नागरी लिपीत पहिल्या खंडात छापलेलं आहे. लिनियसने पुढे त्यातल्या चित्रांवरून कित्येक नावं ठेवली.

आता पेट्रीडिशताईंच्या मुद्द्याशी हे जोडून पाहा. अशा कित्येक नावांचा आधार म्हणजे एक चित्र. चित्रातून डीएनए निघत नाही. म्हणून आज त्या भागातून नवा नमुना आणून त्या चित्राला आधार म्हणून जोडतात, आणि मग डीएनए तपासतात. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी वैद्याने बोट दाखवून सांगितलेलं झाड आणि आजचा जनुकक्रम यांच्यामध्ये तो एक वाळवलेला कागद आहे. शाळेनेही नमुने करून ठेवावेत.

सडेफिरे
वाडीकर, अगदी. २०२४च्या एप्रिलमध्ये क्यूच्या पुढाकाराने सपुष्प वनस्पतींचा जो मोठा वंशवृक्ष आला, त्यात ३५३ जनुकं आणि ९,५०६ जाती आहेत, म्हणजे एकूण प्रजातींपैकी (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) सुमारे ६० टक्के त्यात आल्या. त्यातला सर्वांत जुना नमुना नेपाळमध्ये १८२९ साली गोळा केलेला. ज्याने तो वाळवला त्याला डीएनए हा शब्दही माहीत असणं शक्य नव्हतं. १८७५नंतर कुणाला न दिसलेलं, आता नामशेष मानलेलं ग्वादालूप बेटावरचं एक झाडही जुन्या कागदावरून त्या वृक्षात जागेवर बसलं. त्यावरून असंही दिसतं की सपुष्प वनस्पतींच्या आजच्या मुख्य शाखांपैकी ८० टक्क्यांहून अधिक शाखा सुरुवातीच्या काळातच फुटल्या, आणि पुढे सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वी वेग पुन्हा वाढला.

आपल्या पावसात नमुना वाळवणं म्हणजे दिव्य आहे. वर्तमानपत्राचे कागद रोज बदलायचे, जाड देठ उभा चिरायचा, नाहीतर दोन दिवसांत बुरशी. पण पानाचा एक तुकडा सिलिका जेलच्या पुडीत टाकला तर तो लवकर सुकतो आणि डीएनए टिकतो. कागद आणि पुडी, दोन्हीवर एकच क्रमांक.

मांडवीतीर
सगळे वाचतो आहे. जगमाचे दाते उद्याच भिंगाखाली बघणार. पण माझा आक्षेप तुम्ही बगल देऊन सोडलात. बाभूळ घ्या. अकेशिया हे नाव मुळात बाभळीचे. ते २००५ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये काढून ऑस्ट्रेलियाच्या झाडांना दिले आणि २०११ला मेलबर्नमध्ये त्यावर शिक्का मारला. आमची बाभूळ झाली व्हॅचेलिया, खैर सेनेगालिया, शिकेकाईही सेनेगालिया. आणि आमच्या खाणींच्या डंपांवर, डोंगरांवर सरसकट लावलेले ते ऑस्ट्रेलियन झाड, ज्याखाली गवतही नीट उगवत नाही, ते मात्र अकेशियाच राहिले. यात कुठले विज्ञान आहे?

पेट्रीडिश
यातला अर्धा भाग विज्ञान आहे आणि अर्धा नियमांचा. जुनी अकेशिया ही एकच प्रजाती नाही, बाभूळ, खैर आणि ऑस्ट्रेलियन झाडं वेगवेगळ्या शाखांवर बसतात, हे डीएनएने दाखवलं. बाभळीला लांब सरळ जोडकाटे, खैराला वाकडे आकड्यासारखे काटे, हे तुम्ही जंगलात कायम पाहिलंय. हा फरक खरा आहे. वेगळं करायचं ठरल्यावर जुनं नाव कुणी ठेवायचं, ते मात्र मतदानाने ठरलं. ऑस्ट्रेलियात हजाराच्या आसपास जाती, त्यांची नावं बदलण्यापेक्षा थोड्यांची बदलू, हा त्यांचा युक्तिवाद. आफ्रिका आणि भारतातल्या अनेकांना तो पटला नाही, मलाही पटत नाही. पण तुमचा राग त्या मतदानावर असू द्या, वंशवृक्षावर नको.

मतदानाने चांगलंही होतं. २०२४ साली माद्रिदच्या काँग्रेसमध्ये आफ्रिकेतल्या लोकांना अपमानास्पद वाटणारं 'काफ्रा' हे जातिनाम बदलून 'आफ्रा' करायचं ठरलं. त्यात दोनशेच्या आसपास नावं आहेत.

मांडवीतीर
हे उत्तर प्रामाणिक आहे. मतदान आणि वंशवृक्ष वेगळे, मान्य. तरी वनखात्याच्या जुन्या नोंदवह्या वाचणारा उद्या कोणी उरला नाही, तर त्यातली बाभूळ कुठली ते कोण सांगणार, हा माझा मुद्दा कायम आहे.

चोडणची_शुभदा
मी चोडणला राहते, फेरीने जाता-येता खारफुटी बघते. एका व्याख्यानात ऐकलं की तिवराचं झाड आणि आपली आबोली एकाच कुळातली. खरंच का? केसांत माळतो ती आबोली आणि चिखलात मुळं वर काढून उभं असतं ते तिवर?

सडेफिरे
खरंच. दोन्ही अ‍ॅकँथेसी, अडुळसा आणि कोरांटीही त्यातच. तिवराला पूर्वी स्वतंत्र कूळ देत किंवा सागाबरोबर वर्बेनेसीत टाकत. २००२च्या सुमारास डीएनएवरून ते इथे आलं. आबोलीची सुकी शेंग पाण्यात टाकून पाहा, फट्कन फुटते आणि बी उडते, आत आकड्यासारखा देठ असतो. तिवराने तो आकडा सोडला. त्याचं बी झाडावरच रुजायला लागतं, चिखलात उडून काय करणार?

आणि खारफुटी म्हणजे एक कूळ नव्हे. तिवर अ‍ॅकँथेसीत, कांदळ ऱ्हायझोफोरेसीत, चिपी डाळिंबाच्या लिथ्रेसीत. खाऱ्या पाण्यात राहायची विद्या वेगवेगळ्या घराण्यांनी स्वतंत्रपणे कमावली. मांडवीकाठी एका नजरेत हे सगळं उभं आहे.

चोडणची_शुभदा
आता फेरीत पुस्तक उघडायचं नाही, बाहेरच बघायचं.

पेट्रीडिश
शुभदाताई, देवळाच्या तळ्यातही असंच एक आहे. कमळ आणि कुमुद शेजारी-शेजारी तरंगतात, पण कमळ चिनार आणि मॅकाडेमियाच्या गणातलं, कुमुद फार जुन्या, वेगळ्या शाखेवरचं. परागकणात फरक दिसतो: कमळाच्या कणाला तीन खाचा, कुमुदाला तशा नाहीत. आणि स्वयंपाकघरात मोहरी, शेवगा, पपई तिघंही एका गणातले. पपईची बी चावून बघा, मोहरीचा झणका येतो.

पेडणेकरीण
चावली. येतो. :-)

दुर्वा_डिचोली
मंडळी, देव बरें करूं. मुलांना सगळा धागा वाचून दाखवला. जगमाच्या पानाचे दाते सगळ्या वर्गाने भिंगातून पाहिले, प्रश्न विचारणारी मुलगी तर भिंग सोडेना.

चिठ्ठीचं असं ठरलं. गावातलं नाव सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरात. खाली आजचं शास्त्रीय नाव आणि कूळ, त्याखाली "जुन्या पुस्तकांत" म्हणून आधीचं नाव आणि कूळ. मांडवीतीरबाबांचा मुद्दा मुलांनाच पटला, त्यांनी आग्रह धरला. शिवाय झाड कुणी ओळखलं त्या आजी-आजोबांचं नाव. आणि प्रत्येकाचा एक कागद शाळेत वाळवून ठेवायचा.

मांडवीतीर
असे असेल तर माझ्याकडची जुनी वनस्पती-दाबपेटी शाळेला देतो. लाकडी आहे, पट्टे नवे लावावे लागतील.

वाडीकर
कागदावर जागा लिहिताना नुसतं गाव नको. सडा, ओढा, कुळागर, काय ते लिहा. शक्य असेल तर अक्षांश-रेखांशही, मोबाइलवर मिळतात. जुन्या नमुन्यांवर नुसतं "गोवा" लिहिलेलं असतं, मग शोधणाऱ्याने जायचं कुठे?

दुर्वा_डिचोली
नक्की. एक शेवटची अडचण. एका मुलाने कवंडळासारखं फळ आणलंय, पण लहान आणि रंग वेगळा. आजोबा म्हणतात हे माटोळीला बांधत नाहीत, वेगळं आहे. फळ आणि एक पान आहे, फूल नाही.

सडेफिरे
आजोबांचं ऐका, बांधू नका. फळ आडवं कापून बियांचा फोटो टाका, बाजूला पट्टी ठेवून. वेलीवर फूल मिळालं तर फार चांगलं. या गटात नर आणि मादी फुलं वेगळी, बऱ्याचदा वेलीही वेगळ्या, त्यामुळे फळ लागलेल्या वेलीच्या आसपास दुसरी शोधा. फुलं रात्री उमलतात, पाकळ्यांच्या कडेला धाग्यांची झालर असते. अंधार पडल्यावर मोठ्या माणसाबरोबर टॉर्च घेऊन जा. झालर आणि फुलाखालची नळी दोन्ही फोटोत यायला हवीत. वेल उपटू नका, फांदीचा टोकाकडचा तुकडा ताणव्यासकट पुरे.

पेट्रीडिश
आणि कोवळ्या पानाचा तुकडा पुडीत. सिलिका जेल मी पाठवते, पत्ता खाजगी निरोपात कळवा.